आमच्या घरची हाळी

४ मे, शनिवार

डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, लिहायला नाही. म्हणून ही वही. महाडला घशातली गाठ काढली, ती साधी निघाली, तो विषय संपला. पण पुन्हा तपासेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आवाज परत येईल, म्हणाल्या, पण पूर्वीसारखा येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. एसटीत बसल्यावर डोक्यात हेच वाक्य घोळत होतं, पोलादपूर कधी आलं कळलं नाही.

माझ्या आवाजाबद्दल लिहिलंच पाहिजे. मी वीस वर्षं गावचा पोलीस पाटील होतो, ते लोक विसरतील. माझी हाळी विसरणार नाहीत. शिमग्यानंतर शेतात राखण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा आम्ही गुरं मोकळी सोडतो. सकाळी सुटली की समोरचा सडा, म्हणजे खडकाळ माळ, ओलांडून रानात जातात. संध्याकाळी मी अंगणाच्या कडेला उभा राहून हाळी दिली की परत येतात. येऽऽ हो, हीऽऽ हो. सुरुवात खालून करायची, मग चढवायची आणि दम संपेस्तोवर धरायची. माझे वडील रामजी, त्यांची हीच हाळी. ते गेले तेव्हा काही दिवस गुरं मला दाद देईनात. नुकतंच लग्न झालं होतं, नव्या बायकोपुढे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग एका संध्याकाळी आली आणि तेव्हापासून कधी चुकली नाहीत. माझ्या आवाजाला वजन आलं होतं. आता खालच्या वाडीतल्या बायका माझ्या हाळीवर चुलीवर भात चढवतात.

एकच त्रास आहे. मी हाळी द्यायला आणि परसातल्या फणसावर माकडं यायला नेमकी गाठ पडते. मग प्रयाग, म्हणजे आमची मंडळी, मागल्या दारात उभी राहून पत्र्याचा डबा वाजवते. त्यात खडे भरून ठेवलेत. ऐन हाळीत तो खडखडाट. इतकी वर्षं सांगतोय, हाळी संपू दे मग हाकल. ऐकेल तर शपथ.

नीलेशची पोरं कालच आली. अक्षदा आता चौथीत जाईल, ऋत्विक पाच वर्षांचा. नीलेश आणि सूनबाई माधुरी त्यांना सोडून नालासोपाऱ्याला परत गेले, शाळा उघडेपर्यंत पोरं आमची.

संध्याकाळी हाळी नाही, त्यामुळे गुरंही नाहीत. मी अंगणात नुसता उभा. प्रयाग म्हणाली, फाटी आणून येते, आणि विळा घेऊन गेली. परत आली ती डोक्यावर चार काटक्या आणि मागे सगळी गुरं. वाटेत भेटली म्हणे. नशीब.

६ मे, सोमवार

मी आता अक्षदाच्या जुन्या पाटीवर लिहून बोलतो. शेजारचा हैबती आला, पाटीकडे पाहून म्हणाला, "इतकी वर्सा नुसता नावाचा पाटील व्हतास. आता पाटी आली तवा खरा पाटील झालास." स्वतःच हसत बसला. उत्तर लिहीपर्यंत तो निघून गेला होता. मुक्या माणसाचं हे मोठं नुकसान आहे.

घरातही पाटीला मान नाही. ऋत्विकला वाचता येत नाही. प्रयागला येतं, पण मी काही हुकूम लिहिला की तिचा चष्मा सापडत नाही. चहा घ्यायचा का असं लिहिलं की लगेच सापडतो.

ऋत्विकने कोंबड्यांना त्याच्या वर्गातल्या पोरांची नावं दिली आहेत. रोज सकाळी हजेरी घेतो. तांबडा कोंबडा मॉनिटर. आज एक कोंबडी गैरहजर होती तर तिच्या घरी फोन करा म्हणून मागे लागला. बोलता येत असतं तर मी त्याला म्हटलं असतं, ती खुराड्यात अंडं देतेय. ते पाटीवर कसं सांगणार? शेवटी धरून नेऊन दाखवलं. अंडं बाहेर येताना पाहिलं आणि दिवसभर गप्प होता. माझ्या घरात आता दोघं मुके, असं प्रयाग म्हणाली.

एक चमत्कारिक गोष्ट. मी गप्प झाल्यापासून माकडं फिरकलेली नाहीत. डबा कोनाड्यात पडून आहे. फणस अजून तसेच लटकतायत. इतकी वर्षं डब्याला भ्यायली नाहीत, आता गप्प माणसाला भितात की काय कोण जाणे.

गुरं आजही प्रयागलाच वाटेत भेटली. आज ती शेण गोळा करायला गेली होती.

१० मे, शुक्रवार

माझ्याकडून चूक झाली. काळ्या कुत्रा कोंबडीच्या पिल्लामागे धावला आणि मी "हाड" म्हणून ओरडलो. घशात विस्तव ठेवल्यासारखं झालं. काळ्या आणि ऋत्विक दोघंही जागच्या जागी बसले. ऋत्विक मग आजीच्या पदरात शिरून म्हणाला, आबांच्या पोटातून कोण बोललं?

फोनला रेंज फक्त खळ्याच्या खडकावर येते. तिथे उभं राहून अक्षदाने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मी खुणा करत होतो, तिने लक्ष दिलं नाही. बंदी महिनाअखेरीपर्यंत वाढली.

१३ मे, सोमवार

हाळी घरात राहिली पाहिजे. माझी परत येईल न येईल. म्हणून अक्षदाला शिकवायला घेतली. आवाज न काढता शिकवायची म्हणजे काय हाल. मी हात खाली नेला की सूर खाली, वर नेला की वर, मूठ आवळली की धरून ठेवायचा. पोरगी हुशार. दुपारपर्यंत तिने हुबेहूब उचलली. अंगावर काटा आला. बाबांचा सूर एवढ्याशा गळ्यातून येत होता.

संध्याकाळी अंगणाच्या कडेला तिला उभं केलं. तिने दिली. सुरेख दिली. एक शेपूट दिसलं नाही. पुन्हा दिली. मग ऋत्विक खडकावर चढून ओरडला, "चलो चलो, अंदर चलो, दरवाजा छोडो." त्यालाही कोणी आलं नाही.

अक्षदा रडकुंडीला आली. मी पाटीवर लिहिलं, "माझीही पहिल्यांदा आली नव्हती." ते वाचून ती थोडी हसली. प्रयाग आमच्यामागे उभी राहून बघत होती. मग विळा उचलून उतारावर गेली. हिचे गुडघे दुखतात, तरी हल्ली रोज संध्याकाळी हिला काहीतरी आणायचं सुचतं. लिहून सांगितलं, उद्यापासून जाऊ नकोस. चष्मा सापडला नाही.

१७ मे, शुक्रवार

वाईट दिवस. तांबू गाय आणि तिचं वासरू घरी आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात हैबतीची शेळी बिबट्याने नेली, खालच्या ओढ्यातून. प्रयाग त्याचं नाव घेत नाही, नुसतं "जनावर फिरतंय" म्हणते. ऋत्विक म्हणाला, कोंबडी पण जनावरच ना? कोणी हसलं नाही.

आज प्रयाग नेहमीसारखी गेली. बाकीची गुरं घेऊन आली, पण लंगडत. धोंड्यावरून पाय घसरला, घोटा सुजला. तांबू दिसली नाही म्हणाली, आणि भिंतीला टेकून बसली. मी आणि हैबती बॅटरी घेऊन ओढ्यापर्यंत गेलो. हैबती हाका मारत होता, त्याच्या घोगऱ्या आवाजाला माझी गाय कशाला येईल? मी त्याच्या बाजूने तोंड मिटून चालत होतो. असा नालायक मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. एक हाळी पुरली असती. एकदाच द्यावी, मग आवाज गेला तर गेला, असं फार वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. हैबतीने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, घरी चल सोनबा.

आलो तर मागल्या दारात डबा वाजत होता. प्रयाग सुजल्या पायावर उभी राहून वाजवत होती, थांबायचं नाव नाही. अंधारात कसली माकडं? काळजीने माणूस काहीही करतं. मी डबा तिच्या हातातून काढून ठेवला.

१८ मे, शनिवार



सकाळभर शोधलं. वासराच्या खुरांचे ठसे ओढ्याच्या चिखलात दिसले, पुढे खडक. दुपारी परत आलो, जेवण गेलं नाही. प्रयाग घोट्याला हळद बांधून मागल्या पायरीवर बसून होती. दुपारभर दोन्ही पोरं तिच्याजवळ होती, काय गुजगोष्टी चालल्या होत्या कोण जाणे. ऊन उतरल्यावर तिने अक्षदाला सांगितलं, "जा गो बाय. आबांच्या जाग्यावर उबी ऱ्हा आन दे हाळी. भिऊ नको, मी हाय."

अक्षदा उभी राहिली. डोळे मिटले आणि दिली. आणि नेमकं त्याच वेळी, बघा, इतक्या दिवसांनी माकडं आली. मागे प्रयागला बसल्या जागेवरून डबा वाजवावा लागला. पोरीची एवढी मोलाची हाळी आणि वर हा खडखडाट. मी रागाने मागे वळणार होतो, तेवढ्यात सड्यावर धूळ दिसली. पुढे मोरी गाय, मागे दोन्ही पाडे, धावत. त्यांच्या बऱ्याच मागून तांबू. वासरू तिला चिकटून, मांडीवर ओरखडा, पण चारही पायांवर.

मी अंगणात बसलो. रडलो, ते लिहायला लाज वाटत नाही. तांबूच्या गळ्याला मिठी मारायला हात पसरले तर ती मला ओलांडून मागल्या दाराकडे गेली. तहानलेली असणार. मग मी अक्षदाला उचलून खांद्यावर घेतलं, नऊ वर्षांच्या पोरीला, या वयात. रामजींची हाळी रक्तात उतरली आहे. मुंबईच्या धुरात वाढली तरी उतरली. नीलेशला कधी जमली नाही, त्याची पोरगी देते.

२२ मे, बुधवार

गेले चार दिवस भेटेल त्याला पाटी दाखवतोय. "माझ्या नातीने गुरं आणली." पाटी पुसतच नाही. एसटीच्या कंडक्टरलाही दाखवली. तो म्हणाला, तिकीट किती?

हैबतीला पटलं नाही. म्हणाला, माझ्या अंगणातून माझी गुरं बोलावून दाखव. अक्षदा जायला तयार नव्हती, मीच नेली. तिने चांगली दिली, पण त्याची गुरं ढिम्म. हैबती हसला. मी पाटीवर लिहिलं, "मालकावर गेलीत."

येताना अक्षदा म्हणाली, "आबा, तुम्ही सगळ्यांना सांगू नका ना. मी एकटीने नाही आणली ती." मी लिहिलं, "मग कोणी आणली?" तिने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि म्हणाली, तुम्ही शिकवलंत ना, म्हणून. इतकी नम्र पोरगी. माधुरीने वळण चांगलं लावलंय, फोनवर तिला सांगायला हवं.

ऋत्विकचं मात्र काळजीचं आहे. जेवताना मध्येच म्हणाला, आबा, आजीच्या डब्यातले खडे खारट आहेत. मी चाटले. प्रयागने चटकन त्याच्या तोंडात फणसाचा गरा घातला आणि अक्षदाने त्याला चिमटा काढला. पोरगं खडे खातंय, म्हणजे पोटात जंत असणार. पाटीवर लिहिलं, पोलादपूरहून जंताचं औषध आणा. चष्मा लगेच सापडला. औषध नको, मी बघते म्हणाली, आणि हसू लपवायला ताक आणायला उठली. यात हसण्यासारखं काय होतं?

फणस परवाच सगळे उतरवले. दहा जणांत वाटूनही ओटा भरला आहे.

३१ मे, शुक्रवार

महाडला जाऊन आलो. बंदी उठली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोला काहीतरी. इतके दिवस साठवलेलं सगळं होतं, आणि तोंडातून निघालं "काय बोलू?" आवाज ऐकून मीच बिचकलो. फुटक्या मडक्यासारखा. हळूहळू भरेल, पण ओरडणं जपून, असं त्यांनी सांगितलं. हाळीचं विचारलं तर म्हणाल्या, एखादी द्या, पण जुन्या आवाजाची वाट पाहू नका.

घरी आलो तर ऋत्विक अंगणात उभा. "ऋत्विक," म्हटलं. तो म्हणाला, हे आबा नाहीत. मग जवळ येऊन माझ्या घशाला हात लावून बघितला आणि म्हणाला, आहेत, पण खरबरीत झालेत.

आज हाळी दिली नाही. अक्षदाला द्यायला लावली, गुरं आली. माकडंही आली. उद्याही तिलाच सांगेन. खरं कारण लिहितो, मला भीती वाटते. चाळीसेक वर्षांचा मान आहे, एका संध्याकाळी जायचा. गुरांनी माझा आवाज ओळखला नाही तर या अंगणाच्या कडेला पुन्हा उभं राहायला कुठलं तोंड?

३ जून, सोमवार

परवा नीलेश पोरांना न्यायला येतोय. आज संध्याकाळी अक्षदा म्हणाली, आबा, आज तुम्ही. मी म्हटलं, तूच दे. ती म्हणाली, "नाही. तुमची जागा आहे ती."

प्रयाग भाकऱ्या थापत होती, तिने मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "द्या की वो. किती दिस ऐकली नाय."

उभा राहिलो. अक्षदाने माझं बोट धरलं होतं. खालून सुरुवात केली, चढवायला गेलो, आणि मध्येच चिरकली. खळ्याच्या खडकापर्यंतसुद्धा पोचली नसेल. खालच्या वाडीतून कुणाचा तरी हसल्याचा आवाज आला, किंवा मला तसं वाटलं. सडा रिकामा.

मग मागे डबा वाजला.

सड्याच्या कडेवर तांबूचं डोकं वर आलं. मी तिचे कान बघत होतो. ते माझ्याकडे वळलेले नव्हते, घराच्या मागच्या अंगाला वळलेले होते. मग सगळी आली, धावत, वासरू सर्वांत पुढे. माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मागल्या दारी जाऊन थांबली. गोठा मागे आहे म्हणून ती मागे जातात, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

घराच्या छपरावरून परसातलं फणसाचं झाड दिसत होतं. त्यावर एक फणस नव्हता आणि एक माकड नव्हतं. ऋत्विक दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून माझ्याकडे बघत होता, डोळे एवढाले.

खारट खडे. म्हणजे खडेमीठ, ज्यावर गुरं जीव टाकतात. पोरगं तेव्हाच सांगत होतं आणि मी त्याच्यासाठी जंताचं औषध मागवत होतो.

बाबा गेल्यावर गुरं माझं ऐकेनात आणि मग एका संध्याकाळी आली, ती संध्याकाळ मला आठवली. तेव्हा माझ्या आवाजाला वजन आलं नव्हतं. घरात प्रयाग आली होती. नवी नवरी, हातात अजून हिरवा चुडा, मागल्या दारात मिठाचा डबा घेऊन उभी. नवऱ्याची गावात मान खाली जाऊ नये म्हणून. आणि गेल्या महिन्यात मला कळू नये म्हणून रोज दुखऱ्या गुडघ्यांनी उतारावर गेली, घोटा मुरगळून आली. मी तिला म्हणत होतो, ऐन हाळीत खडखडाट नको.

मी मागल्या दारी गेलो नाही. तिला डबा ठेवून यायला वेळ लागतो, तेवढा दिला. आजवर मला माझ्या हाळीचा फार अभिमान होता. आज अंगणात उभं राहून तिचा वाटला.

ती पदराला हात पुसत पुढे आली. "आली की समदी," म्हणाली.

"आली," मी म्हटलं. "माकडं व्हती काय गो?"

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "व्हती. दोन."

"गेली?"

"गेली."

अक्षदा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. ऋत्विकने तोंडावरचे हात काढले आणि मोठा श्वास सोडला. खालच्या वाडीत चुली पेटल्या होत्या, धूर वर येत होता.

मग खडकावर जाऊन नीलेशला फोन लावला. माझा हा नवा आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला, घाबरला बिचारा. त्याला सांगितलं, येताना पोलादपूरला उतरलास की खडेमीठ घेऊन ये, चांगलं पाच किलो.

तो म्हणाला, "बाबा, एवढं मीठ कशाला?"

मी म्हटलं, "माकडं फार झाली आहेत रे."